सॉरी : म्हणायचं, व्यक्त करायचं की मागायचं?

मराठी घरातल्या मुलाला आज सगळ्यांत आधी कोणता इंग्रजी शब्द शिकवला जातो? ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ यांच्यात चुरस आहे, पण माझं मत ‘सॉरी’च्या बाजूने पडतं. ‘थँक्यू’ पाहुण्यांसमोर लागतं, ‘सॉरी’ रोज लागतं. दीड-दोन वर्षांचं मूल शेजारच्या मुलाचं खेळणं हिसकावतं आणि लगेच मागून आवाज येतो, ‘‘सॉरी म्हण त्याला.’’ मूल ‘छॉली’ म्हणतं, सगळे हसतात, प्रकरण मिटतं. चूक काय होती आणि ती कुणाला लागली, हे कळायच्या आधी तिच्यातून सुटायचा शब्द त्या मुलाला कळलेला असतो.

हा शब्द मराठीत वापरावा की नाही, असा या लेखाचा विषय नाही. ज्यांना तो परका वाटतो त्यांनी आपल्या कोशात डोकावून पाहावं. ‘क्षमा’ संस्कृत आहे हे खरं. पण ‘माफी’ अरबीतून फारसीमार्गे आली आणि ‘दिलगिरी’ तर सरळ फारसी. दोघीही कित्येक पिढ्या आपल्या घरात नांदताहेत. तिसरा पाहुणा इंग्रजी आला, एवढ्यावरून घर बाटत नाही.

माझं कुतूहल व्याकरणातल्या एका साध्या गोष्टीपासून सुरू झालं. मराठीत आपण माफी ‘मागतो’, दिलगिरी ‘व्यक्त करतो’ आणि सॉरी ‘म्हणतो’. ही क्रियापदं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘मी त्याची दिलगिरी मागितली’ असं कुणी म्हणत नाही. ‘माफी व्यक्त केली’ कानाला खटकतं. आणि ‘सॉरी मागितलं’ ऐकलं तर आपण हसू. भाषा अशी शिस्त उगाच पाळत नाही. या तीन क्रियापदांमध्ये चूक कबूल करण्याच्या तीन वेगळ्या रीती आहेत, आणि त्यांतली आपण कोणती निवडतो यावर समोरच्याला काय मिळतं हे ठरतं. ते समजून घ्यायचं तर आधी ‘सॉरी’च्या मूळ घरी जायला हवं.

शब्दाचं कूळ

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचं रूप ‘सारिग’ असं होतं. ते ‘सार’ या नामापासून बनलं. ‘सार’ म्हणजे दुखरी जागा, जखम, वेदना. घसा धरला की इंग्रजीत ज्याला ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला ‘सोअर’ तो हाच. म्हणजे ‘सॉरी’ माणूस हा मुळात दुखरा माणूस. त्याला ठणका लागलेला आहे. तो कुणाचा अपराधी आहे की नाही, याच्याशी शब्दाला सुरुवातीला काही देणंघेणं नव्हतं. जर्मन भाषेत ‘फार’, ‘अतिशय’ या अर्थाने ‘झेअर’ हा शब्द येतो, तोही याच मुळाचा. दुखेपर्यंत, म्हणून फार. आपण ‘भयंकर सुंदर’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

इथे एक गंमत आहे. इंग्रजीत दुःखासाठी ‘सॉरो’ असा दुसरा शब्द आहे. ‘सॉरी’ आणि ‘सॉरो’ ही सख्खी भावंडं असावीत असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. ‘सॉरो’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘सॉर्ग’ या वेगळ्या शब्दातून आला; त्याचा अर्थ चिंता, दुःख. दोन्ही शब्द अर्थाने शेजारी होते. शेजारी राहून राहून त्यांचे उच्चारही जवळ आले. ‘सारिग’मधला लांब स्वर आखूड होण्यात ‘सॉरो’चा हात आहे, असं व्युत्पत्तिकार मानतात. रक्ताचं नातं नसलेल्या नवरा-बायकोचे चेहरे म्हातारपणी एकमेकांसारखे दिसू लागतात म्हणतात, तसंच हे.

तेराव्या शतकाच्या सुमारास या शब्दाला दुसरी फांदी फुटली: केविलवाणा, टाकाऊ, दयनीय. मोडकळीला आलेल्या घराची अवस्था इंग्रजीत आजही ‘सॉरी’ असते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये डंकन राजाचा खून करून आलेला मॅकबेथ स्वतःचे रक्ताळलेले हात पाहतो आणि त्या दृश्याला हेच विशेषण लावतो. तिथे अर्थ आहे केविलवाणं, बघवत नाही असं. तो माफी मागत नाहीये. पण आजचा प्रेक्षक ते ऐकतो तेव्हा दुसरा अर्थही त्याच्या कानात वाजतो. खून करणारा माणूस स्वतःच्या हातांची कीव करतो आहे, मेलेल्या राजाची नाही, हे त्या एका विशेषणातून कळतं.

मग ‘आय ॲम सॉरी’, म्हणजे ‘मला दुखतंय’, हे वाक्य हळूहळू ‘तुला दुखवल्याचं मला दुखतंय’ या अर्थाने स्थिरावलं. आणि एकोणिसाव्या शतकात (कोशकार १८३४ सालापासूनचा वापर नोंदवतात) त्याचं नुसतं ‘सॉरी’ झालं. वाक्य आखूड झालं एवढंच आपल्याला दिसतं. पण गळून पडला तो ‘मी’. कोण दुखावला आहे, कोणी दुखवलं आहे, हे सांगणारा कर्ताच निघून गेला आणि मागे एक सुटा उद्गार उरला. रस्त्यावर धक्का लागला तर तो पुरतो. त्याहून मोठ्या गोष्टीला तो पुरेल का, हा पुढचा प्रश्न.

हा उद्गार किती हलका होऊ शकतो याची साक्ष एका खेळात आहे. इंग्लंडमध्ये १९३४ पासून ‘सॉरी!’ नावाचा पटावरचा खेळ विकला जाऊ लागला. तो आपल्या पचिसीच्याच वंशातला. दुसऱ्याची सोंगटी मारून घरी पाठवायची आणि वर ‘सॉरी!’ म्हणायचं. खेळणाऱ्याला दुःख नसतंच, उलट आनंद असतो. इंग्रजी समाजाने स्वतःच्या सवयीची केलेली ही चेष्टा मला फार आवडते.

धक्का देणारा आणि धक्का खाणारा

केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इंग्रजांच्या वागण्यावर ‘वॉचिंग द इंग्लिश’ हे पुस्तक २००४ मध्ये लिहिलं. त्यासाठी त्या गर्दीच्या ठिकाणी मुद्दाम लोकांना धक्का देत हिंडल्या. धक्का बाईंचा, पण सॉरी म्हणाले ते बहुतेक धक्का खाणारे इंग्रज. दोष कुणाचा हा प्रश्न त्या सॉरीत नाहीच. ‘आपल्या दोघांमध्ये काहीतरी अवघडलं, ते मोकळं करू या’ एवढाच त्याचा अर्थ. नीट ऐकू आलं नाही तर ‘सॉरी?’, अनोळखी माणसाला वाट विचारायची तर ‘सॉरी’, दुकान बंद असेल तर ‘सॉरी’, बोलताना ‘मंगळवारी, सॉरी, बुधवारी’ अशी स्वतःची दुरुस्ती. हे सगळे वापर आता आपल्याकडेही आले आहेत.

याउलट नायजेरिया, घाना या देशांतल्या इंग्रजीत रस्त्यात ठेच लागलेल्या अनोळखी माणसालाही बघणारा ‘सॉरी’ म्हणतो. धक्का त्याने दिलेला नसतो. तिथल्या योरुबासारख्या भाषांत दुसऱ्याच्या त्रासाबद्दल सहानुभूती दाखवणारा खास उद्गार आहे. त्याच्या जागी त्यांनी हा इंग्रजी शब्द बसवला. ब्रिटिश माणूस तिथे नवा गेला तर गोंधळतो: तुम्ही कशाला सॉरी म्हणताय, तुम्ही काय केलंत? आपण त्या जागी ‘अगं बाई, लागलं का गं?’ म्हणतो किंवा ‘अरेरे’ म्हणतो.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या इंग्रजीत तर ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे मृत्यूनंतरचे विधी, सुतक, शोक पाळणं. ज्यांच्यावर ही भाषा लादली गेली त्यांनी त्या शब्दाचा सगळ्यांत जुना अर्थ, दुखण्याचा अर्थ, जपून ठेवला.

मराठीने मात्र ‘सॉरी’चा निम्मा भाग उचलला. आपल्याकडे सॉरी म्हणजे चूक. दुःख नाही. कुणाच्या घरी वाईट घडलं तर आपण भेटायला जातो, गप्प बसतो, फार तर ‘वाईट झालं’ म्हणतो. तिथे ‘सॉरी’ म्हटलं तर विचित्र वाटतं. दुःखाच्या अर्थाचं सॉरी आपल्याला भेटलं ते प्रामुख्याने हिंदी-मराठी सिनेमात. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर बाहेर येतात, चश्मा काढतात आणि मान खाली घालून ‘आय ॲम सॉरी’ म्हणतात. पुढचं पार्श्वसंगीत सगळ्यांना पाठ आहे.

एका शब्दात दोन ओझी

सिनेमातलं हे वाक्य प्रत्यक्षात ऐकायची वेळ माझ्यावर वडील गेले तेव्हा आली. तरुण डॉक्टर होते, तीन रात्री त्यांनी जागून काढल्या होत्या. ते बाहेर येऊन ‘आय ॲम सॉरी’ म्हणाले आणि आत गेले. गावाहून आलेल्या माझ्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘सॉरी का म्हणाला रे तो? त्याच्याकडून काय चुकलं?’’ काकांचा प्रश्न त्यांच्या मराठीप्रमाणे बरोबर होता. चूक झाल्याशिवाय कुणी सॉरी म्हणत नाही, हेच त्यांना ठाऊक. डॉक्टरांचं वाक्यही त्यांच्या इंग्रजीप्रमाणे बरोबर होतं. एकच शब्द दोन भाषांत उभा होता आणि त्या दोन अर्थांमधल्या फटीत एक संशय शिरला होता. डॉक्टरांनी पुन्हा येऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवून ‘‘आम्ही सगळं केलं हो, वाईट वाटतंय’’ म्हटलं, तेव्हा तो निवला.

जिथे दवाखान्यांमध्ये नातेवाइकांकडून मारहाण होते आणि ती रोखायला महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा अमलात आणावा लागला, तिथे हा फरक केवळ शब्दकोशातला राहत नाही.

आणि ही अडचण फक्त आपली नाही. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही ‘सॉरी’ची दोन ओझी, दुःखाचं आणि दोषाचं, कोर्टात एकमेकांत अडकतात. अपघातानंतर गाडीवाला ‘आय ॲम सॉरी’ म्हणाला, तर ती सहानुभूती की गुन्ह्याची कबुली? वकील सल्ला देतात: काही बोलू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम सॉल्टनस्टॉल या सिनेट सदस्यांची मुलगी १९७४ मध्ये सायकलवरून जाताना मोटारीखाली सापडून गेली. गाडीवाल्याने त्यांच्याकडे कधी एका शब्दानेही दुःख व्यक्त केलं नाही. ते बोलणं कोर्टात आपल्याविरुद्ध वापरलं जाईल अशी भीती माणसाला गप्प बसवते, हे ओळखून तिथे १९८६ मध्ये कायदा झाला: अपघातानंतर दाखवलेली सहानुभूती दोषाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ मध्ये आणखी पुढे जाऊन चुकीची स्पष्ट कबुली असलेल्या माफीलाही हे संरक्षण दिलं. ब्रिटनच्या २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यातही माफी म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली नव्हे, असं कलम आहे.

हे कायदे माणुसकीचे आहेत यात शंका नाही. पण त्यांनी एक प्रश्नही उभा केला. ज्या माफीत काही गमवायचं नाही, तिचं वजन किती? कबुली जड असते ती तिच्यात धोका असतो म्हणून. मॅसॅच्युसेट्सचा कायदा मला जास्त शहाणा वाटतो, कारण त्याने फक्त दुःखाला संरक्षण दिलं. कबुलीची किंमत त्याने कबुली देणाऱ्याकडेच ठेवली.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी हा फरक नेमका पकडला होता. त्यांची व्याख्यानं १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हेच कृत्य असतं, असा त्यांचा सिद्धान्त. ‘आय अपॉलॉजाइझ’ हे तसं वाक्य: ते म्हटलं की माफी मागून झाली. ‘आय ॲम सॉरी’ मात्र अर्धवट आहे. ते कृत्यही आहे आणि मनःस्थितीचं वर्णनही. म्हणूनच त्याच्या आड लपता येतं.

राष्ट्रांचं सॉरी

ही लपण्याची सोय सगळ्यांत जास्त वापरली ती सरकारांनी. २००१ च्या एप्रिलमध्ये चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई गेला. अमेरिकी विमान परवानगीशिवाय हायनानवर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात अडकले. चीनची मागणी होती ‘दाओछ्येन’ची, म्हणजे दोष मान्य करून रीतसर मागितलेल्या माफीची. अमेरिका ‘रिग्रेट’च्या पुढे सरकायला तयार नव्हती. अखेर ११ एप्रिलला अमेरिकी राजदूतांनी एक पत्र दिलं. त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा होतं: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा तोंडी परवानगीशिवाय उतरल्याबद्दल. चिनी माध्यमांनी त्याचा अनुवाद माफीकडे झुकणाऱ्या शब्दांत केला आणि अमेरिकेने माफी मागितली असं आपल्या लोकांना सांगितलं. आम्ही फक्त दुःख व्यक्त केलं असं अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं. दोघंही खोटं बोलत नव्हते. इतका सोयीचा दुसरा शब्द त्या दिवशी कुठल्याही भाषेत सापडला नसता. २४ माणसं घरी गेली.

ऑस्ट्रेलियात गोष्ट उलट झाली. तिथे लोकांनी याच शब्दाचा हट्ट धरला. सरकारी धोरणाने कित्येक दशकं आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडून नेली होती. त्याचा चौकशी अहवाल १९९७ मध्ये आला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये संसदेत मनापासून ‘रिग्रेट’ व्यक्त केलं, पण ‘सॉरी’ म्हणायला नकार दिला; आजच्या पिढीने मागच्यांच्या करणीचा दोष का घ्यावा, हा त्यांचा युक्तिवाद. मे २००० मध्ये सुमारे अडीच लाख लोक सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून चालत गेले, तेव्हा एका विमानाने आकाशात धुराने लिहिलेला शब्द होता ‘सॉरी’. शेवटी १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केविन रुड यांनी संसदेत तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला, आणि कुणाला, कशाबद्दल, हे नाव घेऊन सांगितलं: तोडून नेलेल्या मुलांना, त्यांच्या आईबापांना, मोडलेल्या घरांबद्दल. ज्यांच्या भाषेत ‘सॉरी’ म्हणजे सुतक, त्यांना हा शब्द का हवा होता हे समजायला अवघड नाही. सरकारने नियम मोडल्याची नोंद त्यांना पुरणार नव्हती. आपल्या दुःखात ते येऊन बसावं, एवढी त्यांची मागणी होती.

आता आपल्या जवळचं उदाहरण. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या; त्या दिवशी १३ माणसं मेली. १५ जून २०१० रोजी डेव्हिड कॅमेरॉन यांनी पार्लमेंटमध्ये सरकारच्या आणि देशाच्या वतीने त्याबद्दल आपण अत्यंत ‘सॉरी’ आहोत असं सांगितलं. तेच कॅमेरॉन फेब्रुवारी २०१३ मध्ये अमृतसरला जालियनवाला बागेत आले. १३ एप्रिल १९१९ च्या त्या गोळीबारात सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसं मेली होती. कॅमेरॉन यांनी अभिप्रायवहीत ती घटना अत्यंत लाजिरवाणी असल्याचं लिहिलं, पण ‘सॉरी’ लिहिलं नाही. हे आपल्या जन्माच्या चाळीसेक वर्षं आधी घडलं, असं त्यांचं म्हणणं. शंभर वर्षं पूर्ण होताना, एप्रिल २०१९ मध्ये, थेरेसा मे ‘रिग्रेट’पाशी थांबल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी तिथे आले. ब्रिटिश सरकारच्या वतीने बोलायचा आपल्याला अधिकार नाही असं त्यांनी आधी स्पष्ट केलं, स्वतःपुरती लाज आणि दुःख सांगितलं, आणि त्या जमिनीवर साष्टांग पालथे पडले. ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांनी शब्द मोजला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी अंग टाकलं.

दिलगिरीची वाट

इंग्रजांना हसण्याआधी आपली ‘दिलगिरी’ तपासू. फारसीत ‘दिल’ म्हणजे काळीज, ‘गीर’ म्हणजे धरलेलं. दिलगीर म्हणजे ज्याचं काळीज धरलं आहे असा, खिन्न, उदास. जुन्या मराठीतही तोच अर्थ होता. लढाई हरलेला सरदार दिलगीर होतो तेव्हा तो कुणाची माफी मागत नसतो, तो खचलेला असतो. आज हा अर्थ जवळपास पुसला गेला. ‘माझी आजी गेल्यापासून आजोबा दिलगीर आहेत’ असं कुणी लिहिलं तर संपादक खोडतील. म्हणजे ‘सॉरी’ने जो प्रवास इंग्रजीत केला, दुखण्यापासून दोषापर्यंतचा, तोच ‘दिलगीर’ने मराठीत केला. ‘खेद’ही मूळचा खिन्नतेचाच. इंग्रजी ‘रिग्रेट’सुद्धा जुन्या फ्रेंचमध्ये मेलेल्यासाठी आक्रोश करणं या अर्थाचा होता. चार शब्द, चौघांचीही सुरुवात शोकात आणि शेवट निवेदनात. दूरदर्शनवर पडदा खरखरायला लागला की ‘व्यत्यय’ची पाटी यायची, गाडी उशिरा धावते तेव्हा फलाटावरचा ध्वनिमुद्रित आवाज गैरसोयीबद्दल दिलगीर असतो. त्या आवाजाला काळीज नाही, मग धरणार काय?

आता क्रियापदांकडे येऊ. दिलगिरी ‘व्यक्त’ करतात, कारण ती आपल्या आतली गोष्ट आहे. बाहेर काढून दाखवली की काम संपलं. समोरच्याला त्यात काही करायचं नसतं, तो नाकारूही शकत नाही. माफी मात्र ‘मागतात’. ‘माफ’चा मूळ अर्थ सूट दिलेला, मोकळा केलेला, शेतसारा माफ होतो, कर्ज माफ होतं. माफी मागणारा म्हणतो, मी तुझं देणं लागतो, ते सोड. आणि मागितलेली गोष्ट समोरचा देईलच असं नाही. ‘क्षमा’ही तशीच: संस्कृतात ‘क्षम्’ म्हणजे सहन करणं, म्हणून सगळं सोसणाऱ्या पृथ्वीचंही ते नाव आहे. क्षमा मागणारा दुसऱ्याला सोसायला सांगतो. मागण्यात हात पसरलेला असतो, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी असते. म्हणून तर पुढारी ‘मी दिलगिरी व्यक्त केली आहे, माफी मागितलेली नाही’ असं बजावून सांगतात. त्यांना व्याकरण चांगलं कळतं.

त्यांच्या ठरलेल्या वाक्याची चिरफाड करून पाहा: ‘माझ्या वक्तव्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ ‘असतील तर’: म्हणजे दुखावल्याच आहेत असं नाही. ‘कोणाच्या’: ज्याचा अपमान झाला त्याला नाव नाही. ‘दुखावल्या गेल्या’: दुखवणारा वाक्यातून पळाला. ‘भावना’: मी बोललो ते चूक नव्हतं, तुम्ही हळवे आहात. एका वाक्याला चार मागची दारं आहेत. अर्थात, अट घातली की माफी खोटीच, असंही नाही. न्यायालय अवमान कायदा, १९७१ याच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे की आरोपीने प्रामाणिकपणे मागितलेली माफी केवळ सशर्त आहे म्हणून नाकारू नये. कायद्याने ‘तर’ला जागा दिली, पण प्रामाणिकपणाची अट सोडली नाही. आपल्या पत्रकांत ‘तर’ तेवढा उरला आहे.

मग सॉरीचं काय?

सॉरी नुसतं ‘म्हणतात’. ते व्यक्तही होत नाही आणि मागितलंही जात नाही. जिभेवर येतं आणि निघून जातं. एवढं बोलून मला त्याला मोडीत काढता आलं असतं. पण ते अन्यायाचं होईल.

आपल्याकडे माफी मागायच्या जुन्या रीती सुंदर आहेत. पाय लागला तर बोटं टेकवून कपाळाला लावतो. शब्द लागत नाही. निरोप देताना ‘काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला’ म्हणतो. पूजेच्या शेवटी क्षमाप्रार्थना असते. जैन बांधव पर्युषणाच्या अखेरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत लहानथोर सगळ्यांकडे क्षमा मागतात. पण घरातली रोजची रीत आठवा. माफी बहुतेक खालून वर जायची. सुनेने सासूची, मुलाने बापाची, गड्याने मालकाची माफी मागायची. ‘पोटात घाला’ हे ज्याचं पोट मोठं त्यालाच म्हणायचं. मारलेल्या मुलाची बापाने कधी माफी मागितली नाही. फार तर रात्री त्याच्या ताटात भाकरीवर जास्तीचं तूप पडलं. ते तूप कळायला मुलाला तीस वर्षं लागली.

‘सॉरी’ला पायऱ्या नाहीत. बाप आज मुलीला ‘सॉरी बेटा, उशीर झाला’ म्हणतो. मुख्याध्यापक शिपायाला सॉरी म्हणतात, नवरा बायकोला म्हणतो. ‘मला माफ कर’ हे वाक्य या माणसांच्या तोंडून निघालंच नसतं. त्यात फार खाली वाकावं लागतं आणि त्यांच्या कमरेला ती सवय नव्हती. हलकं होतं म्हणूनच सॉरी तिथे पोहोचलं. जड शब्द उंबऱ्यावरच अडले असते. या शब्दाचा हा उपकार मी मानतो, आणि तो परका म्हणून हाकलायला निघालेल्यांनीही मानावा.

अडचण सुरू होते ती हलका शब्द जड कामाला लावल्यावर. धक्क्याला सॉरी पुरतं. मोडलेल्या वचनाला, बुडवलेल्या पैशाला, भर सभेत केलेल्या अपमानाला ते पुरत नाही. तिथे तीन गोष्टी वाक्यात दिसाव्या लागतात: कोणी केलं, कोणाला केलं, काय केलं. त्यानंतर समोरच्याला काय हवं ते विचारून थांबावं लागतं. मराठीत यासाठी ‘माझं चुकलं’ असं दोन शब्दांचं वाक्य तयार आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीने ‘सॉरी’तून गाळलेला ‘मी’ त्याच्या अगदी तोंडाशी बसलेला आहे. नुसतं ‘चूक झाली’ म्हटलं की तो पुन्हा पळतो.

तेव्हा लहान मुलाला ‘सॉरी म्हण’ जरूर शिकवावं. त्याच्या पुढे एक प्रश्न जोडावा: ‘‘कशाबद्दल?’’ मूल जरा गोंधळेल, हिसकावलेल्या खेळण्याकडे बघेल, समोर रडणाऱ्याकडे बघेल, आणि बहुधा खेळणं परत देईल. हाच प्रश्न आपण दिलगिरी व्यक्त करणाऱ्या मोठ्यांना विचारायला लागलो, तर त्यांची पत्रकं पुष्कळ आखूड होतील.